आईचे पाय कसे चेपावेत: तक्ता बाजूला ठेवून सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६६ वर्षांची. मधुमेह नऊ वर्षांपासून, गोळ्या चालू. सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार पावलं टाकताना टाच ठणकते, संध्याकाळी तळपायांची आग होते, रात्री झोप लवकर लागत नाही. मुलाने एका प्रदर्शनातून लाकडी रोलर, टोकेरी गोळ्यांच्या चपला आणि तळव्याचा रंगीत तक्ता आणला. तक्त्यात बघून दाबलं तर उजव्या पायावर 'लिव्हर' लिहिलेल्या जागी आई कळवळते. त्यामुळे घरात घबराट. लिव्हरच्या तपासण्या कराव्यात का, आणि घरच्या घरी रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तक्त्यातल्या जागा दाबून त्या त्या अवयवावर उपचार करायची पद्धत, नेमकी कशी करायची, असं मुलगा विचारतोय.

आधी लिव्हरचं बोलू, म्हणजे आज रात्री तरी सगळे शांत झोपाल. तळव्यावर एक जागा दुखली म्हणून लिव्हरची तपासणी करायची गरज नाही. मधुमेहाच्या नेहमीच्या रक्ततपासणीत लिव्हर येत असेल तर ती ठरल्या वेळी होऊ द्या, तेवढं पुरे. ती जागा का दुखते याचं कारण बहुधा जवळच आहे. टाच दुखते म्हणून आई नकळत पायाच्या बाहेरच्या कडेवर आणि चवड्यावर भार टाकून चालत असणार. त्यामुळे चवड्याच्या मागचे छोटे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात आणि तिथे अंगठा रोवला की कळ येते. तक्त्यावर नेमक्या त्याच भागात 'लिव्हर' छापलेलं आहे, इतकाच संबंध.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, २४ वर्षं झाली. रिफ्लेक्सॉलॉजीचा कोर्सही मी केलेला आहे, तक्ता पाठ केलेला आहे आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं तो दवाखान्याच्या भिंतीवर लावलाही होता. आता तो माळ्यावर आहे. पाय चेपणं मात्र सोडलेलं नाही, उलट वाढलंय.

हा तक्ता हजारो वर्षं जुना, चिनी, असं प्रदर्शनातल्या माणसाने सांगितलं असेल. तो अमेरिकन आहे आणि शंभरेक वर्षांचा आहे. विल्यम फिट्झजेराल्ड हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका पट्ट्यात कुठेही दाबलं तरी त्या पट्ट्यातल्या इतर भागांवर परिणाम होतो अशी मांडणी केली. १९१७ मध्ये त्यावर पुस्तक निघालं. पुढे १९३०च्या दशकात यूनिस इंगहॅम या बाईंनी शेकडो पाय हाताळून त्या पट्ट्यांवरून तळव्याचा बारीक नकाशा काढला: अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसं, कमानीत पोट-आतडी, टाचेत कंबर. तुमच्या हातात आहे तो त्याच नकाशाचा नातू. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या थडग्यात एक माणूस दुसऱ्याचा पाय धरून बसल्याचं चित्र आहे आणि ते रिफ्लेक्सॉलॉजीचा पुरावा म्हणून जिथेतिथे छापतात. पण तिथे उपचार चालले आहेत की नुसती हातापायांची निगा, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्याकडे दुकानदार याच प्रकाराला सरसकट 'अ‍ॅक्युप्रेशर' म्हणून विकतात. अ‍ॅक्युप्रेशर ही वेगळी, चिनी परंपरेतली गोष्ट. तिचे बिंदू अंगभर असतात.

नकाशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो खरा नाही. तळव्याच्या नसा घोट्यावरून, पोटरीतून, मांडीमागून कंबरेच्या मणक्यात जातात. तिथून लिव्हरकडे किंवा मूत्रपिंडाकडे जाणारी खास तार कुणाला सापडलेली नाही. दोन कंपन्यांचे तक्ते शेजारी ठेवून बघा, काही अवयवांच्या जागासुद्धा जुळत नाहीत. रुग्णाचा आजार न सांगता नुसते पाय पुढे केल्यावर रिफ्लेक्सॉलॉजिस्टना तो ओळखता येतो का, हेही तपासून झालं आहे, जमलं नाही. ऑस्ट्रेलिया सरकारने नैसर्गिक उपचारांचा मोठा आढावा घेतला, त्यात रिफ्लेक्सॉलॉजीने अमुक आजार बरा होतो असा ठाम पुरावा मिळाला नाही आणि एप्रिल २०१९पासून तिथल्या खासगी आरोग्य विम्याच्या सरकारी सवलतीतून ती वगळली गेली.

मग मी अजून पाय का चेपते? कारण नकाशा खोटा ठरला तरी हात खोटा ठरत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात ग्वेनेथ वायट यांनी स्तनाचा कर्करोग पुढच्या टप्प्याला गेलेल्या स्त्रियांवर अभ्यास केला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जणींना शिकलेल्या रिफ्लेक्सॉलॉजिस्टकडून उपचार मिळाले आणि काहींचे पाय न शिकलेल्या माणसांनी साधेच चोळले. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप कमी झाली आणि रोजच्या हालचाली थोड्या सोप्या झाल्या. थकवा मात्र साधे पाय चोळलेल्या गटात कमी झाला! मला तर हा भाग फार आवडतो. पुढे २०१७च्या अभ्यासात त्यांनी घरातल्याच माणसांना, म्हणजे नवरा, मुलगी, मैत्रीण यांना, शिकवलं आणि चार आठवडे त्यांच्याकडून करून घेतलं. लक्षणांचा त्रास कमी झाला. कर्करोग काही हलला नाही, पण त्या बायकांचे दिवस थोडे बरे गेले. तुम्ही आईसाठी जे करू पाहताय ते याच जातीचं आहे.

यात गूढ काही नाही. गुडघा आपटला की आपण आपोआप चोळतो. स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश मणक्यात पोचला की वेदनेच्या संदेशाची वाट अडते, हे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५मध्ये मांडलं. शिवाय चोळल्याने पाय ऊबदार होतात. पायांची कातडी उबदार झाली की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते, आणि आतलं तापमान उतरायला लागलं की झोप येते. पाय गरम असलेल्या माणसाला झोप लवकर लागते हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९मध्ये दाखवलं आहे. आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होतं, हे वेगळं सांगायला नको. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे, म्हणजे पायांना तेल चोळण्याचे, गुण दिले आहेत ते वाचा: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा जातो, भेगा पडत नाहीत. वाग्भट रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांच्याकडे खास लक्ष द्यायला सांगतात. पायाला तेल लावण्याचे पायाला होणारे फायदे यात बरेच आहेत. तळव्यावर लिव्हरचा नकाशा नाही.

आता मुद्द्याचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आषाढी वारीत पालखी पुण्यातून दिवेघाट चढून सासवडला पोचते, तेव्हा तिथे वारकऱ्यांचे पाय चेपायला मी जाते. सोळा वर्षं झाली. एका दिवसात दीडशे-दोनशे पाय हाताखालून जातात. सुरुवातीच्या एका वर्षी परभणीकडचे एक गृहस्थ समोर बसले, साठीचे असतील. "माउली, पाय दुखतात का?" म्हटलं, तर हसून म्हणाले, "माझे पाय ठणठणीत आहेत, काही म्हणजे काही दुखत नाही. तुम्ही बोलावलं म्हणून बसलो." मी तेल घेतलं, बोलत बोलत चवड्यावर अंगठा फिरवायला लागले. अंगठ्याखाली काहीतरी टणक लागलं. मला वाटलं घट्टा असेल, म्हणून जरा जोर दिला. मग बोटांना ओलसर लागलं तेव्हा खाली वाकून बघितलं. बाभळीचा काटा होता, चांगला खोल गेलेला, आणि मी तो आणखी आत ढकलला होता. भोवती पू झाला होता. मी वर बघितलं तर त्यांचा चेहरा तसाच, शांत, हसरा. काटा केव्हा घुसला हेही त्यांना सांगता येईना. वैद्यकीय तंबूत नेलं तर साखर चारशेच्या वर.

चूक माझीच. तेल लावण्याआधी मी पाय बघितला नव्हता. तेव्हापासून "काही म्हणजे काही दुखत नाही" हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसांवर परिणाम होतो. कुणाला आग होते, मुंग्या येतात, कुणाला काहीच कळत नाही, आणि एकाच माणसाला आग होते नि टोचलेलं मात्र कळत नाही असंही असतं. तुमच्या आईला आग होते आहे, म्हणजे हा प्रश्न आहेच असं धरून चाला.

म्हणून आधी बघायचं. दिवसा उजेडात किंवा चांगल्या दिव्याखाली आईला बसवा आणि दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या फटी, नखांच्या कडा नीट बघा. भेगा, फोड, कुरूप, लाल किंवा काळा पडलेला भाग, बोटांच्या बेचक्यातली पांढरी ओलसर कातडी म्हणजे चिखल्या, हे सगळं. दोन्ही पायांना तळहाताची मागची बाजू लावून एक पाय जास्त गरम आहे का ते बघा.

मग संवेदना तपासा. एक अगदी साधी पद्धत आहे, उपकरण लागत नाही. आईला डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीच्या टोकाने पायाच्या अंगठ्याच्या टोकाला एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, बोट फिरवायचं नाही. कळलं तर तिने 'हो' म्हणायचं. अंगठा, मधलं बोट, करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. एकदा चुकलं तर त्याच बोटाला पुन्हा करून बघायचं नाही, चुकलं ते चुकलं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर पायांची संवेदना कमी झालीय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा पायाला तेलाचा हलका हात चालेल, पण अंगठा रोवणं, रोलर, काठी, गरम पाण्याची पिशवी सगळं बंद. त्या पायाला 'जोरात होतंय' हे सांगता येत नाही ना!

काही वेळा तर हातच लावायचा नाही. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते: आत रक्ताची गाठ असू शकते, चोळलं तर ती निसटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखम, पू, ताप असेल तर नाही. ताजं मुरगळलेलं, मार लागलेलं, हाड मोडल्याची शंका असलेलं तर नाहीच नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर फक्त हलका हात. दोन्ही पायांवर बोट दाबलं की खड्डा पडतो अशी सूज असेल तर ती मालीशने उतरवायच्या मागे लागू नका; हृदय, मूत्रपिंड, लिव्हर यांच्याकडे बघावं लागतं, आणि कधी कधी रक्तदाबाची अ‍ॅमलोडिपिन ही साधी गोळीही घोट्यांवर सूज आणते. घरात कुणी गरोदर असेल तर तिचे पाय हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, पण तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तिचे पाय, चेहरा एकदम सुजून डोकं दुखत असेल तर चोळत बसायची ती वेळ नव्हे, दवाखान्यात जायची आहे.

हे सगळं पार पडलं, बोटांना स्पर्श कळला, कातडी धड आहे, तर आता चेपायला बसा.

वेळ झोपण्याच्या तासभर आधीची. आधी कोमट पाण्यात पाय पाच-सात मिनिटं. पाणी तुमच्या कोपराला लावून बघा, आईच्या पायाला नाही. कोपराला सुखाचं वाटलं पाहिजे, चटका नको. मग पाय पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या. आईला पलंगावर पाठीला उशी देऊन अर्धवट पडू दे, गुडघ्याखाली एक उशी किंवा गुंडाळलेली चादर. गुडघा ताठ असला की पोटरी ताणलेली राहते आणि पाय सैल पडत नाही. तुम्ही खाली पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा, पाय तुमच्या छातीच्या उंचीला यायला हवा. पलंगावर मांडी घालून वाकून चेपलंत तर चौथ्या दिवशी तुमची पाठ धरेल आणि मग मला दुसरा प्रश्न पाठवाल. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली.

तेल खोबरेल किंवा तिळाचं, एका पायाला अर्धा चमचा पुरतं. बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथे ओल राहून बुरशी येते.

सुरुवात काहीही न करता करा. दोन्ही पाय दोन्ही तळहातांत नुसते धरा, मिनिटभर. तुमचे हात गार असतील तर ते तोवर गरम होतील, आणि आईचा श्वास खाली बसेल. ही पायरी लोक नेहमी गाळतात. मग बोटांकडून घोट्याकडे तळहाताने लांब हात फिरवा, आठ-दहा वेळा, वरून आणि खालून. एका हाताने टाच धरा, दुसऱ्याने चवडा, आणि घोटा सावकाश गोल फिरवा, पाच वेळा इकडे, पाच वेळा तिकडे.

यानंतर जे येतं ती इंगहॅमबाईंची खरी देणगी, नकाशापेक्षा कितीतरी कामाची: अंगठ्याने चालणं. अंगठ्याचं पुढचं पेर वाकवायचं, सोडायचं, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा वाकवायचं. पानावरची अळी कशी पाठ उंचावत सरकते, अगदी तसं. टाचेच्या पुढच्या कडेपासून एकेका बोटाच्या मुळापर्यंत अशा पाच उभ्या रेघा. एका रेघेला अर्धा मिनिट तरी लागायला हवा. घाई केली की ते गुदगुल्या होतात. दाब किती? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे ओरडायला लावणारं असं धरलं तर चारच्या वर जायचं नाही. आई म्हणेल, "अरे जोरात दाब, काही होत नाही." तिच्या बोलण्याकडे नाही, कपाळाकडे बघा. कपाळाला आठी पडली, पायाची बोटं आखडली किंवा श्वास अडला की तुम्ही चारच्या पुढे गेलात. दुखरी जागा सापडली तर तिथे रोवून 'गाठ फोडायची' नाही. तिथे अंगठा स्थिर ठेवून तिला चार-पाच सावकाश श्वास घेऊ द्या, मग पुढे. दुसऱ्या दिवशी निळं-काळं पडलं तर तुमचं चुकलं. 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

तुमचा अंगठाही सांभाळा. मागच्या बाजूला वाकवून, ताठ करून दाबू नका. सांध्यात सदा थोडा वाक हवा. दुखायला लागला तर मूठ वळून बोटांच्या पेरांनी कमान चोळा.

मग चवडा दोन्ही हातांत धरून मधोमध अंगठे ठेवा आणि बाहेरच्या बाजूला फाकवा, भाकरी थापताना कडा सरकवतो तितक्याच नाजूकपणे. एकेक बोट मुळाशी धरून हलकं फिरवा, टोकाकडे ओढत आणा. कटकन आवाज काढायचा नाही, वय ६६ आहे. टाच तळहाताच्या खोबणीत घेऊन लिंबू पिळल्यासारखी दाबा, सोडा, दहा वेळा. तिथली कातडी जाड असते, थोडा जोर चालतो. शेवटी पोटरी खालून वर, हलक्या हाताने. पुन्हा मिनिटभर नुसतं धरून ठेवा आणि दुसरा पाय घ्या.

पहिल्या दिवशी एका पायाला पाच मिनिटं, मग वाढवत दहा-बारा. आठवड्यातून चार-पाच दिवस खूप झाले.

आणि संपल्यावर पायावरचं तेल कोरड्या पंचाने खसखसून पुसा आणि मोजे घाला. हे मी अगदी ठासून सांगते. रात्री बाथरूमला उठलेली म्हातारी माणसं तेलकट पायांनी गुळगुळीत फरशीवर घसरतात. खुब्याचं हाड मोडून माझ्याकडे व्यायामाला आलेल्या दोन बायकांची हकीकत हीच होती, एकीच्या सुनेने मोठ्या प्रेमाने तेल लावलं होतं. रात्री मोजे घसरट असतील तर त्यावर चप्पल हवी.

झोपेला आणि थकव्याला याचा उपयोग होईल, बहुधा पहिल्याच आठवड्यात. टाचेचं मात्र वेगळं आहे. सकाळची पहिली पावलं दुखणं, थोडं चाललं की सैल पडणं, हे टाचेपासून चवड्यापर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं, प्लांटर फॅसिआयटिस. चेपल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बरं होतं ते ताण देण्याने. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी करायचं: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची सगळी बोटं नडगीकडे ओढा, कमानीत दोरीसारखा पट्टा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, त्यातला पहिला फेरा सकाळचं पहिलं पाऊल टाकण्याआधी. गुडघा दुमडून पाय मांडीवर येत नसेल तर पाय लांब करून टॉवेल चवड्याभोवती घालून ओढा. सोबत भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण.

आपल्याकडे घरात अनवाणी वावरायची सवय, आणि आता सगळीकडे कडक फरशा. टाच दुखतेय तोवर घरात वापरायची मऊ, टाचेला आधार असलेली वेगळी चप्पल घ्या. स्वयंपाकघरात उभं राहायचं असेल तेव्हाही. देवापुढे जाताना काढली तर चालेल, ओट्यापुढे नको काढायला. एक्स-रेमध्ये टाचेला 'हाड वाढलंय' असं दिसलं तर घाबरू नका. तसं टोक असूनही टाच मुळीच न दुखणारी माणसं भरपूर आहेत. हे दुखणं चिवट असतं, कित्येक महिने घेतं, पण बहुतेकांचं शस्त्रक्रियेशिवाय जातं.

आगीचं डॉक्टरांशी बोला. गेल्या तीन महिन्यांची साखर, आणि बी-१२ जीवनसत्त्व, दोन्ही तपासायला सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ घटू शकतं, आणि आई शाकाहारी असेल तर त्याची शक्यता आणखी. कमी निघालं तर त्याला औषध आहे. तळव्याला तेल चोळून बी-१२ येत नाही.

काशाच्या वाटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगणारच, म्हणून आधीच सांगते. वाटी छान आहे, मला स्वतःला आवडते. तूप किंवा तेल लावून गोल फिरवली की गार, गुळगुळीत लागते आणि मोठा भाग एकसारखा दाबला जातो, शिवाय अंगठे वाचतात. पण तळवे काळे झाले म्हणजे अंगातली उष्णता निघाली, हे खरं नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घाम, तेल-तुपातली आम्लं आणि घासणं यांच्यामुळे धातूचा अगदी बारीक अंश उतरतो, तो काळा दिसतो. काळं जास्त झालं तर घाम जास्त आहे, आजार नाही. मधुमेही पायाला वाटी फिरवताना भेगा टाळा, आणि नंतर साबणाने पाय धुऊन पुसा.

रोलर तुम्हीच ठेवा, दिवसभर खुर्चीत बसून काम करत असाल तर टेबलाखाली तळव्याने मागेपुढे करायला तो चांगला आहे. आईच्या सहाही बोटांना स्पर्श कळला तरच आणि बसूनच तिला द्या. टोकेरी चपला मात्र आईला मुळीच नाहीत. सगळं वजन त्या टोकांवर येतं, फोड येतो आणि कळत नाही. तिथून पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. दुकानदार परत घेत नसेल तर पैसे गेले समजा, पण पुन्हा पुन्हा "थोडा वेळ घालून बघ" म्हणून काढू नका.

आज रात्री तेल नको. आज फक्त दिवा जवळ घ्या, पाय बघा, सहा बोटांना स्पर्श करा, आणि कुठे कळलं, कुठे नाही ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.